धारणा आणि वही

डोक्याला मार लागून रुग्णालयातून घरी परतलेल्या माणसाभोवती पहिल्याच आठवड्यात एक परीक्षा मांडली जाते. "ओळखा पाहू, मी कोण?" "आज वार कोणता?" "काल संध्याकाळी कोण आले होते, सांगा बरे." विचारणाऱ्यांत भाऊ असतो, मावसबहीण असते, शेजारच्या इमारतीतील श्रावक असतात, आणि कोणाच्याही मनात वाईट नसते. उत्तर बरोबर आले की सर्वांना हायसे वाटते, चुकले की कोणीतरी खिडकीबाहेर पाहू लागते. ज्याने तीस वर्षे शेकडो खात्यांची उधारी तोंडी सांभाळली, त्याला स्वतःच्या घरात, नातवंडांच्या देखत, आजचा वार सांगता येत नाही. ही परीक्षा थांबवावी असे मला आग्रहाने सांगायचे आहे. तिच्याने नुकसान होते, आणि ते का होते हे समजले की काय करावे हेही बरेचसे समजते.

व्यापारी घराला हा घाव दुहेरी बसतो. आपल्याकडे स्मरण हेही भांडवलच असते. कोणत्या गिऱ्हाइकाला किती दिवसांची मुदत द्यायची, कोणाचा शब्द चालतो, कोणाच्या मालाचे वजन पुन्हा करून घ्यायचे, हे कोणत्याही संगणकात नसते, ते गादीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यात असते. म्हणून मुलुंड असो की घाटकोपर, बोरिवलीची जांभळी गल्ली असो की अंधेरीचा बाजार, अशा घरात पहिली धडपड बातमी लपवण्याची असते. "बाबा गावी गेले आहेत," असे सांगितले जाते. पुढे दोनच गोष्टी घडताना दिसतात. एक तर त्यांना कायमचे घरी बसवले जाते. नाहीतर टाके सुकले, चालणे सुधारले, की तिसऱ्या महिन्यात काहीच झाले नाही अशा थाटात गल्ल्यावर बसवले जाते. पहिल्यात माणूस खचतो. दुसऱ्यात एकाच गिऱ्हाइकाला दोनदा सुटे पैसे दिले जातात, उधारीची नोंद राहते, मुलगा आवाज चढवतो, आणि मग माणूस खचतो.

दुखापत कशी होते ते बहुतेकांना ठाऊक आहे: दुचाकी, लोकलच्या दारातील गर्दी, वृद्धांच्या बाबतीत ओल्या न्हाणीघरातील घसरणे. झटका बसला की कवटीच्या आत मेंदू हेलकावतो. कपाळामागचा आणि कानशिलांजवळचा भाग हाडाच्या खडबडीत कडांवर आपटतो, आणि आतले बारीक तंतू ताणले जातात. हे तंतू सी. टी. स्कॅनमध्ये पुष्कळदा दिसत नाहीत. "स्कॅन स्वच्छ आहे" याचा अर्थ रक्तस्राव दिसला नाही, एवढाच घ्यावा. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत वेगाने होते, पुढे मंदावते, पण दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही थोडी थोडी होत राहते. अपघाताच्या आसपासचे काही तास किंवा काही दिवस मात्र बहुधा परत येत नाहीत, कारण मेंदूने त्यांची नोंदच पक्की केलेली नसते. त्या वेळेविषयी खोदून विचारणे म्हणजे जे पान लिहिलेच गेले नाही ते वाचायला सांगणे होय.

आता त्या प्रश्नाकडे येतो, ज्यावरून घरोघरी कटुता येते. बाबांना संपूर्ण प्रतिक्रमण येते. लोगस्स म्हणताना ते कोठे अडत नाहीत. कापडाला हात लावून पोत सांगतात, नोटांची गड्डी पूर्वीच्याच सफाईने मोजतात. मग सकाळी हातात दिलेले पाच हजार दुपारी कसे आठवत नाहीत? येथून "ढोंग करतात", "सोयीचे तेवढे आठवते" येथपर्यंत फार अंतर नसते. एकदा हा शब्द उच्चारला गेला की तो परत घेता येत नाही.

ते ढोंग नाही. आपण ज्याला स्मरणशक्ती म्हणतो ती एक वस्तू नसून अनेक व्यवस्था आहेत, आणि त्या मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी नांदतात. हे जगाला कळले ते एका अमेरिकन तरुणामुळे. १९५३ साली फेफऱ्यावर उपाय म्हणून हेन्री मोलेसन याच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिपोकॅम्पसचा मोठा भाग काढण्यात आला. वय २७. फेफरे कमी झाले, पण त्यानंतर घडलेली कोणतीही गोष्ट त्याच्या ध्यानात राहीना. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. हे काम अवघड असते, हात उलटा जातो. तीन दिवसांत त्याचा हात उत्तम बसला, आणि आपण हे पूर्वी कधी केले आहे याची त्याला दरवेळी गंधवार्ताही नव्हती. हात शिकला होता, माणसाला ते ठाऊक नव्हते. २००८ साली तो वारला तोवर वैद्यकीय ग्रंथ त्याला केवळ एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखत. नोटा मोजणारा हात, लहानपणी पाठशाळेत मुरलेली सूत्रे आणि आज सकाळची घटना ही तीन निरनिराळी खाती आहेत. एक बुडाले म्हणजे बाकीची बुडालीच पाहिजेत असे नाही.

याहून जुना एक प्रयोग मला अधिक बोचतो. १९११ साली जिनिव्हाच्या क्लापारेद या डॉक्टरांनी आपल्या एका रुग्ण स्त्रीचा अनुभव प्रसिद्ध केला. तिला काही मिनिटांपूर्वीचेही आठवत नसे, रोज भेटणाऱ्या डॉक्टरांना ती रोज नव्याने भेटे. एकदा त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. पुढच्या वेळी तिने त्यांना ओळखले नाही, पण हात पुढे करताच तिने आपला हात मागे घेतला, आणि का घेतला ते तिला सांगता येईना. प्रयोग निष्ठुर होता यात शंका नाही. पण त्यातून जे दिसले ते प्रत्येक घराने लक्षात ठेवावे असे आहे: प्रसंग पुसला जातो, त्याची बोच राहते. काल सर्वांसमोर झालेली फजिती बाबांना आठवणार नाही, तरी तुम्ही खोलीत आलात की त्यांचा चेहरा आवळला जाईल. तुमची ती परीक्षा म्हणजे ही टाचणी आहे.

आपल्या शास्त्रकारांनी ज्ञानाच्या पायऱ्या फार बारकाईने पाहिल्या आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्या अध्यायात मतिज्ञानाचे चार टप्पे येतात: अवग्रह, ईहा, अवाय, धारणा. आधी वस्तूचा स्पर्श होतो, मग ती काय असावी अशी जिज्ञासा, मग निश्चय, आणि त्यानंतर ते टिकवून ठेवणे. धारणेचीही पुढे जिनभद्रगणी क्षमाश्रमणांनी विशेषावश्यकभाष्यात अविच्युती, वासना आणि स्मृती अशी फोड केली: लक्षातून न निसटणे, संस्कार उरणे, आणि वेळ येताच तो संस्कार पुन्हा जागा होणे. ही परिभाषा आत्म्याच्या ज्ञानशक्तीविषयी आहे, तिला मेंदूचा नकाशा समजण्याची चूक मी करणार नाही. पण घरातल्या माणसाला निरीक्षण करण्यास तिच्यासारखे साधन नाही. बाबा विसरले म्हणजे नेमके कोठे अडले? टी. व्ही. चालू असताना, दोघे एकदम बोलत असताना सांगितलेले मुळात अवग्रहापर्यंत पोचलेच नसेल, तर धारणेला दोष कसा द्यावा? डोक्याच्या दुखापतीनंतर ज्याला आपण विसरणे म्हणतो त्यातील बराच भाग असा, लक्ष न टिकण्याचा असतो. याउलट एखादा इशारा देताच, "त्या निळ्या गाडीतून आलेले" असे म्हणताच नाव आठवले, तर संस्कार आत आहे, जागा होण्यास मदत हवी. आणि इशाऱ्यानेही काही हलले नाही, तर तो टिकलाच नाही. तिन्ही ठिकाणी उपाय वेगळा. पहिल्यात खोली शांत करा, दुसऱ्यात इशारा द्या, तिसऱ्यात लिहून ठेवा.

येथे कोणी म्हणेल की स्मरणशक्ती तर वाढवता येते, आपल्या परंपरेत अवधानी झाले आहेत. खरेच झाले आहेत, आणि याच शहरात त्यांचे प्रयोग झाले आहेत. २२ जानेवारी १८८७ रोजी मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एकोणीस वर्षांच्या श्रीमद् राजचंद्रांनी शतावधान केले. चार वर्षांनी विलायतेहून परतलेल्या गांधीजींनीही त्यांच्या स्मरणाची परीक्षा घेतली होती. अलीकडे, २०१४ च्या नोव्हेंबरात वरळीला मुनी अजितचंद्रसागरजींनी पाचशे अवधाने केली. ती पाहून आलेला एखादा मुलगा जखमी वडिलांना वीस शब्दांची यादी पाठ करायला बसवतो, फोनवर मेंदूच्या कसरतीचे खेळ लावून देतो. हेतू उत्तम असतो, पण गृहीतच चुकीचे असते. स्मृती दंडाच्या बेटकुळीसारखी नाही. अमेरिकेत एरिक्सन, चेस आणि फॅलून यांनी १९८० साली एका महाविद्यालयीन तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली. तो साधारण सात अंक लक्षात ठेवू शके. सुमारे दीड-पावणेदोन वर्षांच्या, दोनशे तीस तासांच्या सरावाने तो एका दमात ऐकलेले जवळजवळ ऐंशी अंक क्रमाने सांगू लागला. मग त्याला अंकांऐवजी अक्षरे दिली. स्वारी पुन्हा सहावर. तो धावपटू होता, अंकांना शर्यतींच्या वेळांचे रूप देऊन साठवीत असे. वाढली ती युक्ती, शक्ती नव्हे. निरोगी माणसाची ही गत, तर जखमी मेंदूला वीस शब्द घोकायला लावून दुपारचे औषध आठवू लागेल, ही आशा कशाच्या आधारावर धरावी? आणि हेही ध्यानात घ्यावे की श्रीमद्‍नी अवधानाचे प्रयोग लवकरच सोडून दिले.

मला अवधानापेक्षा आपल्या परंपरेतील दुसरी एक गोष्ट या रुग्णांच्या अधिक कामाची वाटते. आगम शतकानुशतके मुखोद्गत होते. बारा वर्षांचा दुष्काळ पडला, मुनी विखुरले, स्वाध्याय तुटला, श्रुत विस्मृत होऊ लागले. पाटलिपुत्रात संघ जमला, उरले ते गोळा केले गेले. तरीही गळती थांबेना. अखेर वीरनिर्वाणानंतर ९८० व्या वर्षी, दुसऱ्या गणनेने ९९३ व्या वर्षी, वलभी येथे देवर्द्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथारूढ झाले. दिगंबर परंपरेत गिरनारच्या आचार्य धरसेनांनी आपल्यानंतर हे ज्ञान नष्ट होईल हे ओळखून पुष्पदंत आणि भूतबली यांना शिकवले. त्यांनी षट्खंडागम लिहिला, आणि त्याच्या पूर्ततेचा दिवस श्रुतपंचमी म्हणून आपण आजही साजरा करतो. विचार करा, तो दिवस पाठांतराचा नाही, लेखनाचा आहे. स्मरण क्षीण झाले हे संघाने मान्य केले, त्याची लाज बाळगली नाही, आणि लिहिले.

तेव्हा बाबांच्या हाती वही द्या. एकच वही, पाच नव्हे. व्यापारी माणसाला तिचा आराखडा नव्याने शिकवावा लागत नाही, रोजमेळ त्यांच्या हातात आहे. डाव्या पानावर आज काय करायचे: औषध, फिरणे, कोणाला फोन. उजव्या पानावर काय झाले: कोण आले, काय बोलणे झाले, किती पैसे दिले-घेतले. वेळ घालून, आणि शक्यतो त्यांच्या स्वतःच्या अक्षरात. वहीची जागा ठरलेली, पेन तिला बांधलेले. आठवत नसेल तेथे "आठवा" म्हणायचे नाही, "वहीत पाहू या" म्हणायचे. पहिले काही आठवडे वही पाहायची हेच ते विसरतील. म्हणून फोनचा गजर ठराविक वेळांना वाजावा आणि त्याचा अर्थ एकच असावा: वही उघडा. कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याच्या मुलाला अशीच दुखापत झाली होती. त्याने एका मेंदूमानसतज्ज्ञाबरोबर पेजरवर आठवण करून देणारी यंत्रणा बसवली. इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन यांनी ती १४३ जणांवर पारखली, आणि २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाचणी पूर्ण करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोक औषधे घेणे, ठरलेली कामे करणे यांत स्पष्टपणे सुधारले. आज तो पेजर आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे.

नवे काही शिकवायचेच असेल, उदाहरणार्थ नव्या सुनेचे नाव किंवा मोबाईलवरून पैसे पाठवण्याचा क्रम, तर अंदाज करायला लावू नये. बॅडली आणि विल्सन यांनी १९९४ साली दाखवून दिले की ज्यांची प्रसंगस्मृती दुबळी आहे ते स्वतःची चूकही शिकून बसतात, कारण ती चूक होती हे त्यांना आठवत नाही. म्हणून आधी बरोबर उत्तर सांगावे, मग त्यांच्याकडून म्हणवून घ्यावे. पाठशाळेत गाथा अशीच देतात. गुरुजी चरण म्हणतात, मुले मागून म्हणतात, कोणी "ओळख पाहू पुढचे" म्हणत नाही. नंतर अर्ध्या मिनिटाने विचारा, मग एका, दोन, चार, आठ मिनिटांनी. अडले की लगेच उत्तर सांगा आणि मागच्या अंतरावर परत या. कंटाळवाणे आहे. पण सुनेचे नाव यायला लागते.

दुकानाविषयी स्पष्ट लिहितो. परतावे जरूर, पण गर्दीच्या वेळी नव्हे, आणि प्रारंभी तास-दीड तासापुरतेच. थकवा हा या दुखापतीचा सर्वांत न दिसणारा भाग आहे, दुपारनंतरची चिडचिड पुष्कळदा स्वभाव नसून थकवा असते. एका वेळी एकच गिऱ्हाईक. माल पारखणे, भाव ठरवणे, जुन्या व्यापाऱ्यांशी बोलणे ही कामे त्यांच्याकडे असू द्यावीत, कारण तेथे जुने खाते शाबूत आहे. उधारी देणे, चेकवर सही आणि बँकेचा पासवर्ड यांना दुसऱ्या माणसाची सही किंवा नजर असावी. हे त्यांच्याशी बोलून ठरवावे, पाठीमागे नव्हे. कपाळामागच्या भागाला मार असेल तर आपल्यात काही उणे आहे हेच त्यांना जाणवत नाही. ते वाद घालतील. त्या वेळी पुरावे मांडून जिंकू नये. वाहन चालवणे डॉक्टरांनी लेखी सांगेपर्यंत बंद.

आणखी एक बाब, जी रुग्णालयात कोणी विचारत नाही आणि आपण सांगत नाही. दुखापतीनंतर अनेकांना फेफऱ्याची औषधे असतात, बहुधा बारा-बारा तासांनी. घरी चोविहार असतो. मुंबईत डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, सूर्योदय सातच्या सुमारास. त्यावर नवकारसीची ४८ मिनिटे धरली तर दोन गोळ्यांत जवळजवळ चौदा तास जातात. जूनमध्ये हेच अंतर साडेअकरा तासांच्या आसपास राहते. म्हणजे उन्हाळ्यात निभावलेला नियम हिवाळ्यात घात करू शकतो, कारण या औषधांत पडलेला खंड फेफरे ओढवून आणतो. रात्रीची गोळी गुपचूप गाळू नये. डॉक्टरांना आपला नियम उघड सांगावा. पुष्कळदा दिवसाच्या वेळेत बसणारी मात्रा निघते. निघाली नाही, तर महाराजसाहेबांना विचारावे. पच्चक्खाणात आगार ठेवलेले आहेत, समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची सवलत त्यांत आहे, आणि ती पूर्वाचार्यांनीच ठेवली आहे. पर्युषणातील उपवासाबाबतही हेच. ब्राह्मी, शंखपुष्पी जे काही घरून देत असाल ते डॉक्टरांना सांगूनच द्या.

वडीलधारी मंडळी म्हणतात, ज्ञानावरणीय कर्माचा उदय आहे, सोसावे. उदय असेल. पण त्याच सिद्धांतात क्षयोपशमही आहे, निमित्तही आहे आणि पुरुषार्थही, हे व्याख्यानात बसणाऱ्यांना मी काय सांगावे? मला चिंता वाटते ती घरातील बाईंची. रात्रंदिवस गजर, वही, औषध, चिडणे हे सारे त्यांच्यावर येते, आणि पाहुणा विचारतो तो शेठना, "कसे आहात?" आठवड्यातून एक दुपार कोणी दीर किंवा भाचा बसला, तर त्या देरासरला जाऊन येऊ शकतील.

मदत कोठे मिळते? ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे व्यवसायोपचार ही विद्या याच कामासाठी आहे, आणि तिची भारतातील पहिली शाळा मुंबईतच निघाली. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने मराठी झालेल्या कमलाबाई निंबकरांनी ती १९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू केली. आज के. ई. एम., शीव आणि नायर या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत हे विभाग आहेत, हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. पूर्व उपनगरांतून शीव सोयीचे पडते. पहिल्या भेटीला जाताना स्कॅनच्या फायलीबरोबर बाबांच्या हातची एखादी जुनी खतावणीही न्यावी. अपघाताआधी हा माणूस काय काम करीत असे, कोणत्या क्रमाने आणि किती बारकाईने, हे थेरपिस्टला तिच्या चार पानांत दिसते, आणि उपचार तेथून सुरू करता येतो.